दोनशे सतरा नंबरचा डबा

थंडोबाला थंडोबा म्हणायची दोन कारणं होती. प्रयोगशाळेतली उणे ऐंशी अंशांची तीन मोठी शीतकपाटं त्याच्या ताब्यात असत, हे एक. आणि घराला आग लागली तरी हा माणूस आधी चपला जोडीनं लावेल, दाराला कडी घालेल आणि मग 'आग, आग' म्हणेल, हे दुसरं. नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं. त्यालाही त्याचं काही वाटत नसे. थंड माणसाला वाटायचं तरी काय!

त्याचं काम नमुने घ्यायचं. कशाचे नमुने, हे तो घरी आलेल्या पाहुण्यांना सांगत नसे. आपण आडपडदा न ठेवता एकदाच सांगून टाकू आणि पुढे जाऊ. शौचाचे. माणूस दिवसभर पोटापाण्याच्या गप्पा मारतो, पण पोटातून काय बाहेर पडलं असं कुणी विचारलं की भिंतीकडे बघायला लागतो. थंडोबाची सारी नोकरी अशा भिंतीकडे बघणाऱ्या माणसांबरोबर गेली.

तळमजल्यावर जिन्याखाली त्याची खिडकी होती. सरकती काच, काचेमागे वजनकाटा, रजिस्टर, शिक्का, आणि भिंतीवर एक घड्याळ, जे तो दर सोमवारी न चुकता लावून घेई. बाहेर रांग. प्रत्येकाच्या हातात कापडी पिशवी, तिच्यात बर्फाची पिशवी, आणि बर्फात हिरव्या झाकणाचा मुठीएवढा डबा. एरवी चारचौघांत मोठ्यानं बोलणारी माणसं या रांगेत चोरी करताना सापडल्यासारखी उभी असत. थंडोबा कुणाच्या तोंडाकडे बघत नसे. डब्यावरचा नंबर बघे, घड्याळ बघे आणि विचारी, "कितीला झालं?"

अभ्यास सातशे माणसांचा होता आणि तो चालवायच्या मॅडम. डॉक्टर होत्या, पण बोलायच्या शेजारणीसारख्या. वर्षातून एकदा त्या सगळ्यांना सभागृहात जमवून समजावून सांगत. "तुमच्या पोटात अब्जावधी भाडेकरू राहतात," त्या म्हणत. "काही गुणी असतात. पालेभाजीतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो ते खातात आणि त्याचं एक आम्ल बनवतात. आतड्याचं अस्तर त्या आम्लावरच पोसलं जातं. आणि काही भाडेकरू घर पोखरणारे. ते असं विष बनवतात की पेशीच्या आतल्या धाग्यावर घाव पडतो. काही पित्ताचं रूप बदलून ते जहाल करून ठेवतात. एका घावानं काही होत नाही. पण वीस वर्षं घाव पडत राहिले तर एखादी पेशी बिथरते, आणि तिथून कॅन्सरची वाट सुरू होते." मग कुणीतरी विचारायचंच, "म्हणजे डबा बघून तुम्ही सांगणार का, कुणाला होईल ते?" मॅडम हात जोडत. "नाही हो. तेच कळत नाही, म्हणून तर दरवर्षी डबा मागते. दडलेलं रक्त तेवढं तपासून लगेच पत्र पाठवते. बाकीचं कळायला वर्षं जातील."

नियम सोपा होता. झाल्यापासून दोन तासांत डबा खिडकीवर आला पाहिजे. ते जमलं नाही तर घरच्या फ्रीजमध्ये, बर्फाच्या खणात ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गोठलेलाच आणायचा. बाहेर उघड्यावर राहिलेला डबा बाद. हवा लागली की त्यातले काही जंतू मरतात, काही दसपट होतात. मग त्यात जे सापडतं ते माणसाच्या पोटातलं नसतंच.

आणि या नियमाच्या बाबतीत थंडोबा पक्का होता. एक निवृत्त मास्तर पायाला पट्टा बांधून, दोन बस बदलून आले होते. चाळीस मिनिटं उशीर. मास्तर काकुळतीला आले. "अहो, पुन्हा एवढं सगळं करायचं?" थंडोबानं डबा काचेखालून परत सरकवला. "पुन्हा करायचं. चुकीचा डबा घेण्यापेक्षा न घेतलेला बरा." मॅडमनी हे वाक्य नंतर कागदावर लिहून खिडकीवर चिकटवलं होतं.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! थंडोबाच्या स्वतःच्या घरातून गेली सहा वर्षं चुकीचाच डबा येत होता.

अभ्यास सुरू झाला तेव्हा मॅडमनी म्हटलं, आधी आपली माणसं येऊ देत. थंडोबानं दोन अर्ज भरले. दोनशे सोळा नंबर त्याचा, दोनशे सतरा त्याच्या बायकोचा. बायको घरीच शिवणकाम करायची. नवे कपडे नाहीत. विजारींची उंची कमी कर, चेन बदल, कंबर सैल कर, असलं. बाहेरच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन, शेजारी मापांची वही, आणि मशीनच्या फळीवर कायम चहाचा कप आणि बिस्किटांचा पुडा. थंडोबा दोन वेळा ताट वाढून घेऊन, पालेभाजी दुसऱ्यांदा मागून जेवायचा. ती मशीनवरून उठायची नाही. "तुम्ही जेवून घ्या, माझं एवढं शिवून होऊ दे," म्हणता म्हणता बिस्किटांवर तिचा दिवस जायचा.

दोघांची पोटंही दोन तऱ्हांची. थंडोबाचं घड्याळासारखं, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. तिचं म्हणजे सरकारी कचेरी. उघडलं तर दुपारी साडेतीनला, नाहीतर परवा या. पहिल्या वर्षी तीन दिवस मनधरणी केल्यावर, एका रविवारी साडेतीनला, तिनं कागदात गुंडाळलेला डबा त्याच्या हाती दिला आणि तोंड फिरवून उभी राहिली. प्रयोगशाळा बंद. थंडोबा डबा घेऊन फ्रीजकडे वळला.

"कुठे निघालात?"

"अगं, बर्फाच्या खणात ठेवतो. तसा नियमच आहे. घट्ट झाकण आहे, वर दोन पिशव्या घालतो. काही होत नाही."

"अहो, ज्यात मी दूध ठेवते त्यात?"

"दूध खाली. हे वर."

"ठेवा. खुशाल ठेवा. त्या फ्रीजमधलं पाणीसुद्धा मी पिणार नाही. उद्यापासून स्वयंपाक तुम्ही करा आणि तुम्हीच जेवा."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आधीच लाजेनं अर्धी झालेली बाई. थंडोबा वाद घालणाऱ्यांतला नव्हता. "बरं बाई, राहू दे बाहेर. मी बघतो," तो म्हणाला.

डबा रात्रभर न्हाणीघराच्या खिडकीत राहिला. सकाळी झाकण फुगलं होतं. थंडोबाला कळायला वेळ लागला नाही; असा डबा दुसऱ्या कुणी आणला असता तर त्यानं काच उघडलीच नसती. आता रजिस्टरात 'बाद' लिहायचं आणि कारणाच्या रकान्यात काय लिहायचं? नमुने घेणाऱ्याच्याच घरात फ्रीज मिळाला नाही? सगळी प्रयोगशाळा हसली असती. आणि तिला पुन्हा सांगायचं, पुन्हा तीन दिवस, पुन्हा तेच रडणं. त्याच्या पिशवीत त्याचा स्वतःचा सहा-दहाचा डबा होता, भरपूर होता. त्यानं एक कोरा डबा घेतला, त्यावर दोनशे सतराची चिठ्ठी लावली आणि चमच्यानं सरळ वाटणी केली. तिचा फुगलेला डबा त्यानं न उघडता जाळायच्या पिवळ्या पिशवीत टाकला.

एकच घर, एकच पाणी, एकाच भांड्यातली भाजी, मग दोन पोटांत असा काय मोठा फरक असणार, असं त्यानं मनाला सांगितलं. जुळ्या भावंडांच्या पोटातसुद्धा वस्ती वेगळी असते, हे मॅडमच्या तोंडून त्यानं दहादा ऐकलं होतं. पण ऐकलेलं सगळं आपल्याला लागू असतं असं कुणाला वाटतं? आणि एकाच भांड्यातली भाजी ती खात होती तरी कुठे?

फक्त या वर्षीपुरतं, असं ठरलं होतं. पुढच्या वर्षी पुन्हा दुपारचे साडेतीन झाले, पुन्हा फ्रीज आला, पुन्हा थंडोबा म्हणाला, "मी बघतो." तिसऱ्या वर्षी तर तिनं विचारलंही नाही, डबा न्हाणीघराच्या खिडकीत ठेवून मोकळी झाली. पहिल्या वर्षी वाटणी करताना त्यानं खोलीचं दार आतून लावून घेतलं होतं. नंतर नंतर तो ते करताना दुसऱ्या हातानं घड्याळाला चावी द्यायचा.

पत्रं येत राहिली. 'आपल्या नमुन्यात दडलेलं रक्त आढळलं नाही.' दर वर्षी एक, तिच्या नावावर. ती ती पत्रं मापांच्या वहीत घालून ठेवायची आणि नवऱ्याला चिडवायची, "रोज पालेभाजीवरून बोलता ना मला? वाचा. बिस्किटं खाऊन पास झालेय." थंडोबा हसायचा. एका वर्षी मॅडमनी मोठ्या पडद्यावर ठिपक्यांचा नकाशा दाखवला, प्रत्येक माणसाच्या पोटातल्या वस्तीचा एक ठिपका. नवरा-बायकोंचे ठिपके जवळ जवळ होते, पण दोनशे सोळा आणि दोनशे सतरा अगदी एकावर एक. "काय थंडोबा, एकाच ताटात जेवता की काय?" मॅडम म्हणाल्या आणि सगळे हसले. तोही हसला. त्या दिवशी तरी त्याला कापरं भरायला हवं होतं.

सहाव्या वर्षी तिला रक्त दिसलं.

तिनं त्याला ते आठ दिवसांनी सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता, खाली बघून. "मूळव्याध असेल. बसून बसून होते." मग ती मापांची वही घेऊन कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी सहाच्या सहा पत्रं वाचली. "वा! आतड्याची काळजीच मिटली," असं म्हणून त्यांनी मलम दिलं. ती हसत घरी आली. थंडोबा मात्र त्या दिवशी जेवला नाही. त्याला सगळं दिसत होतं. 'ती पत्रं धरू नकोस, पुन्हा तपासून घे,' एवढं एकच वाक्य म्हणायचं होतं. पण ती विचारणार, का धरू नको? तोंड उघडलं की सहा वर्षं बाहेर पडणार होती. डॉक्टर म्हणालेत ना मूळव्याध, मग मूळव्याधच. पुढच्या वर्षी तिचा खराच डबा न्यायचा, तिला आवडो न आवडो, असं त्यानं ठरवलं. पुढचं वर्ष आठ महिने लांब होतं.

मलमाच्या सात नळ्या संपल्या. तिच्या कपड्यांची कंबर दोनदा आत घ्यावी लागली. तिनं स्वतःच घेतली, स्वतःच्या मशीनवर. एक दिवस पोट फुगून ती मशीनवरच वाकली, तेव्हा तिला इस्पितळात नेलं. आतड्यात गाठ होती, आणि तिथून ती यकृतात पोचली होती.

"हे वर्षभरातलं नाही," शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर थंडोबाला बाजूला घेऊन म्हणाले. "पाच-सहा वर्षांपूर्वी वाटाण्याएवढा कोंब असेल. तेव्हा कळतं तर नळी घालून तिथल्या तिथे काढता आला असता. आता फक्त वाट मोकळी करून देतो. पोटावर पिशवी लावावी लागेल." थंडोबा मान हलवत राहिला. डॉक्टर निघून गेले तरी त्याची मान हलतच होती.

परगावी राहणाऱ्या लेकीचा फोन आला. "बाबा, असं कसं हो? सहा वर्षं सगळं नीट होतं ना? तुमच्याच लॅबमध्ये होतं ना?" तो म्हणाला, "होतं."

मॅडम इस्पितळात भेटायला आल्या त्या फुलं घेऊन, आणि थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांना राहवलं नाही. त्या भल्या बाई होत्या, पण अभ्यासकाच्या जिवाला एक वेगळीच भूक असते. खुर्ची पुढे ओढून त्या बायकोला म्हणाल्या, "ताई, राग मानू नका. सातशे माणसांत तुमचं पोट सगळ्यांत उत्तम. गुणी जंतू भरपूर, विष बनवणारे जवळजवळ नाहीतच. आणि तरीही हे झालं. म्हणजे आम्ही जे समजत होतो त्यात काहीतरी राहून गेलंय. ते तुमच्यामुळे सापडेल. ऑपरेशनच्या आधी एक डबा द्याल?"

बायकोच्या सुकलेल्या तोंडावर लाली आली. जन्मभर जी गोष्ट तिनं कागदात गुंडाळून, तोंड फिरवून दिली, ती कुणाच्या तरी इतकी मोलाची होती! त्या दिवशी इस्पितळातून दोन दिवसांसाठी घरी सोडलं तेव्हा ती त्याला म्हणाली, "अहो, माझं तर आता होणार ते होणार. पण माझ्या पोटातून लोकांना काही कळलं, तर ते काय कमी आहे?" आणि दुपारी साडेतीनला तिनं डबा स्वतः दोन पिशव्यांत घातला, भिंतीला धरत धरत फ्रीजपर्यंत गेली आणि वरच्या खणात ठेवला. "दूध काढून ठेवलंय मी," ती म्हणाली. "आता पाळला ना तुमचा नियम?"

सात वर्षांत दोनशे सतरा नंबरचा तो पहिला खरा डबा.

तीन आठवड्यांनी मॅडम धापा टाकत खिडकीपाशी आल्या. डोळे चमकत होते. नव्या डब्यातली वस्ती अगदी उलटी होती. गुणी जंतू नावाला, ते आम्ल अगदी थोडं, आणि विष बनवणारे उदंड. "कळतंय का, थंडोबा? एका वर्षात सगळी वस्ती पालटली! आधी गाठ आली आणि मग गाठीनं वस्ती पालटवली. आजवर आपण उलटंच धरून चाललो असू. ताईंची सात वर्षांची हकीकत वेगळी छापायची. त्यांची संमती हवी. हा कागद घेऊन जा."

थंडोबानं कागद घेतला. तिचा एकुलता एक खरा डबा त्याच्या सहा खोट्या डब्यांशेजारी बसून खोटं बोलू लागला होता. आणि हे खोटं आता छापून जगभर जाणार होतं. कुठेतरी कुणी डॉक्टर ते वाचणार आणि कुणाला तरी म्हणणार, जंतूंचं काही मनावर घेऊ नका.

त्याच सकाळी मास्तर आले. पायाचा पट्टा केव्हाच सुटला होता. पुन्हा दिलेल्या त्यांच्या डब्यात रक्त सापडलं होतं, नळी घालून कोंब काढला होता, आता ते ठणठणीत होते. त्यांनी काचेखालून हात घालून थंडोबाचा हात धरला. "तुमच्या शिस्तीनं वाचलो हो. नाहीतर कोण बघतं कुणाच्या डब्याकडे!" थंडोबानं हात सोडवून घेतला आणि विचारलं, "नंबर किती आपला?"

घरी आता साडेतीनचं काम त्याच्याकडे होतं. ऑपरेशन झालं होतं. बायकोच्या पोटावर डाव्या बाजूला आतड्याचं तोंड बाहेर काढलेलं, लाल, आणि त्यावर चिकटवलेली पिशवी. ती पिशवी रिकामी करायची, कडा कोमट पाण्यानं पुसायच्या, नवी लावायची. तो ते चोख करायचा. पिशवीत रक्त दिसलं तर लगेच कळवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रक्त म्हणजे गाठ तिथवर आली. तो पिशवी बदलायचा तेव्हा ती डोळे घट्ट मिटून पडायची. सगळं आटपलं की विचारायची, "आहे का काही?" तो म्हणायचा, "नाही. ठीक आहे." मग ती डोळे उघडायची.

कागद चार दिवस त्याच्या खिशात राहिला. पाचव्या दिवशी मॅडमचा तिलाच फोन आला. त्या दिवशी पिशवी लावून झाल्यावर ती म्हणाली, "अहो, कुठला तरी कागद दिलाय ना त्यांनी? आणा, सही करते. हात चालतोय तोवर."

त्यानं कागद तिच्या हातात दिला. पेन दिलं. तिनं उशीवर रेलून, मापांच्या वहीवर कागद ठेवला आणि सहीसाठी पेन टेकवलं.

"करू नकोस," तो म्हणाला.

"का?"

आणि थंड माणसानं सगळं सांगितलं. न्हाणीघराची खिडकी, फुगलेलं झाकण, कोरा डबा, चमचा. पहिलं वर्ष, दुसरं वर्ष, सहाही वर्षं. आवाज चढला नाही, उतरला नाही. रजिस्टर वाचावं तसं सांगितलं, कारण दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं त्याला सांगता आलं नसतं.

रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टीं टीं आवाज येत राहिला. मग तिनं वही उघडली आणि सहा पत्रं एकेक करून बाहेर काढली.

"ही तुमची मग."

"अगं—"

"माझे डबे काय केलेत?"

"जाळायच्या पिशवीत टाकले."

"त्यात होतं का रक्त?"

"माहीत नाही."

"म्हणजे?"

"झाकण उघडलं नाही."

"एकदाही?"

तिनं पत्रं त्याच्या मांडीवर ठेवली, कडा जुळवून, शिवायचं कापड गिऱ्हाइकाला परत द्यावं तशी. "मी आपली सगळ्यांना दाखवत फिरले," ती म्हणाली. "मला वाटलं, ह्या बाबतीत तरी माझं चांगलं आहे." मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मॅडमना सांगा. आजच सांगा. निदान लोकांचं तरी वाटोळं करू नका."

मॅडमनी ऐकून घेतलं. ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी खिडकीवरचा, त्याच्या वाक्याचा कागद काढला, त्याची घडी घातली आणि विचारलं, "आणखी कुणाचे?"

"कुणाचेच नाहीत. बाकी सगळे नियमानं."

"हे मी आता कसं मानू?"

त्यानं घेतलेले चार हजारांवर डबे, प्रत्येकाच्या पुढे त्याच्या अक्षरातली वेळ, त्याची सही. सगळ्यांवर आता प्रश्नचिन्ह. सहा वर्षं सातशे माणसं लाज गिळून त्या रांगेत उभी राहिली होती, ती कशासाठी? दोनशे सोळा आणि दोनशे सतरा दोन्ही नंबर खोडले गेले. तिचा तो एक खरा डबाही बादच झाला. आजारानंतरचा एकटा नमुना, त्याची तुलना कशाशी करणार? नोकरीच्या शेवटच्या दिवशी शीतकपाटातून त्या दोन नंबरांच्या नमुन्यांच्या सगळ्या नळ्या काढून पिवळ्या पिशवीत टाकायचं काम त्याचंच होतं. त्यानं ते केलं, शिक्का आणि किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि दुपारी साडेतीनच्या आत घरी पोचला.

तिनं सोडचिठ्ठीची भाषा केली नाही, लेकीलाही सांगितलं नाही. चहा दिला तर घ्यायची, औषध दिलं तर घ्यायची. फक्त एक गोष्ट बदलली. साडेतीनला तो पिशवी सोडवायला वाकला की ती आता डोळे मिटत नसे. तो "नाही, ठीक आहे," म्हणाला की ती कोपरावर उठायची.

"दाखवा."

आणि तो दाखवायचा. जन्मभर कागदात गुंडाळणारी ती बाई मान वाकवून, नीट, कानाकोपरा बघायची, शिवण तपासावी तशी. मग पुन्हा आडवी व्हायची. नवऱ्याच्या शब्दावर ती पुन्हा कधी विसंबली नाही, आणि तिनं विसंबावं असं म्हणायची त्याची प्राज्ञा नव्हती.

असे दोन महिने गेले. ती उशीएवढीच उरली. कोपरावर उठायला तिला आता त्याचा हात लागायचा. एका दुपारी त्यानं पिशवी सोडवली आणि तो थांबला. आत लाल होतं, गडद, तळाशी साचलेलं. तो 'नाही' म्हणाला असता तर कदाचित त्या दिवशी तिला उठून बघणं जमलंही नसतं.

"आहे," तो म्हणाला. "रक्त आहे."

त्यानं तिच्या पाठीखाली हात घालून तिला वर केलं. तिनं पाहिलं. घड्याळाचे चार-पाच टोले पडावेत एवढंच. मग तिनं डोकं मागे टाकलं.

"बघायला एवढाच वेळ लागतो होय?" ती म्हणाली.